बेळगाव परिसरातील वारसास्थळांचा प्रशिक्षण दौरा: आखणी, क्रम आणि नेहमीच्या चुका

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या भागांतून शिक्षकांचे, ग्रंथालयाच्या कार्यकर्त्यांचे आणि गावोगावच्या इतिहासप्रेमी मंडळांचे प्रशिक्षण दौरे दर हिवाळ्यात निघतात, आणि त्यांतल्या बहुतेकांची शेवटी सहल होते. सकाळी सातला सुटलेली गाडी पाच ठिकाणी थांबते, प्रत्येक ठिकाणी एक जाणकार अर्धा तास बोलतो, पुढे उभे असलेले सात-आठ जण ऐकतात, बाकीचे फोटो काढतात. परतल्यावर त्यांच्यापैकी कोणालाही आपल्या गावातले एखादे जुने देऊळ दुसऱ्या गटाला समजावून देता येत नाही. पुढील मार्गदर्शन दोन दिवसांच्या, सुमारे 24 ते 30 जणांच्या दौऱ्यासाठी आहे: पहिला दिवस बेळगावचा किल्ला, दुसरा दिवस हलशी आणि कित्तूर.

टप्पा 1: आधी कौशल्य, मग ठिकाण

कागदावर प्रथम ठिकाणांची नावे लिहू नयेत. दौरा संपल्यावर प्रत्येकाला कोणत्या तीन गोष्टी स्वतःच्या हाताने करता आल्या पाहिजेत, हे लिहावे आणि मगच प्रत्येक गोष्टीसाठी एक स्थळ निवडावे. आमच्या आखणीत ही वाटणी अशी असते: छत आणि खांब यांचे निरीक्षण बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीत, म्हणजे तिथल्या जुन्या जैन मंदिरात, वास्तूचा आराखडा काढणे हलशीच्या भूवराह नरसिंह देवळात, आणि वस्तूची नोंद करणे कित्तूरच्या संग्रहालयात.

या वाटणीमुळे गोकाकचा धबधबा, सौंदत्तीचा किल्ला, खिद्रापूरचे कोपेश्वर अशी मोहाची ठिकाणे आपोआप गळतात. ती गळू द्यावीत. ‘एवढे लांब आलोच आहोत तर’ या वाक्याने जितके दौरे बिघडले, तितके पावसानेही बिघडले नसतील.

तपासणी: प्रत्येक स्थळापुढे एकच क्रियापद लिहिलेले आहे का? ‘माहिती घेणे’ हे क्रियापद धरू नये.

टप्पा 2: तारीख

खानापूर तालुक्यात पावसाळा जोरदार असतो आणि ओल्या दगडावर शेवाळ धरते, त्यामुळे जून ते सप्टेंबर हे महिने सोडून द्यावेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला, परंतु त्यातही काही दिवस टाळावे लागतात. 1 नोव्हेंबरला बेळगाव शहरात मिरवणुका आणि बंदोबस्त असतो. साधारणपणे डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते. त्या दिवसांत शहरातली लॉज भरलेली असतात आणि महामार्गावर मोर्चे निघतात. मी स्वतः एकदा ही तारीख न पाहता दौरा ठरवला आणि 26 जणांना एका शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपवण्याची वेळ आली. कित्तूर उत्सव 23 ऑक्टोबरच्या सुमारास असतो, तेव्हा किल्ल्यात अभ्यास होणे शक्य नाही. सौंदत्तीला जाणारच असाल तर मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेच्या यल्लम्मा यात्रांचे दिवस वगळावेत.

इशारा: हे महिने ऊस गळिताचेही आहेत. निपाणी, चिकोडी, अथणीकडून येणाऱ्या गटांना उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या यांमागून रेंगाळत यावे लागते, आणि अंधारात मागचा दिवा नसलेली ट्रॉली अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. परतीचा प्रवास सूर्यास्तापूर्वी संपेल असाच आखावा.

टप्पा 3: पाहणी-फेरी

आयोजकाने किमान तीन आठवडे आधी, आठवड्याच्या त्याच वारी आणि दिवसाच्या त्याच वेळी, संपूर्ण मार्ग एकदा स्वतः फिरून यावे. वार तोच हवा, कारण संग्रहालयाची साप्ताहिक सुट्टी आणि गावचा आठवडी बाजार दोन्ही वारावर चालतात. वेळ तीच हवी, कारण हलशीचे देऊळ पूजेचे आहे. पुजारी दुपारी घरी गेले तर गर्भगृहाला कुलूप असते.

या फेरीत पुढील गोष्टी वहीत उतरवाव्यात: गाडी नेमकी कुठे उभी राहील, तिथून चालत किती मिनिटे, 30 जण एकावेळी सावलीत कुठे बसू शकतील, स्वच्छतागृह कुठे आहे आणि त्याची किल्ली कोणाकडे असते, उजेड कोणत्या बाजूने येतो. स्वच्छतागृहाचा मुद्दा महिलांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा असतो आणि पुरुष आयोजक तो हमखास विसरतात. म्हणून पाहणीला किमान एक महिला सहकारी सोबत असावी.

टप्पा 4: पत्रे आणि परवानग्या

कमल बस्ती आणि हलशीचे देऊळ ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या धारवाड मंडळाच्या अखत्यारीतील संरक्षित स्मारके आहेत. पाहण्यासाठी आणि हातातल्या कॅमेऱ्याने फोटो काढण्यासाठी सामान्य अभ्यागताला वेगळी परवानगी लागत नाही. तिपाई, ड्रोन किंवा चित्रीकरणाचा सरंजाम नेणार असाल तर लागते. तरीही 30 जणांचा गट दोन तास बसून मोजमापे घेणार असेल, तर मंडळाच्या कार्यालयाला आणि स्थळावरच्या कर्मचाऱ्याला आधी पत्र द्यावे. पत्र हातात असले की ‘इथे बसू नका’ या वाक्याऐवजी ‘तिकडे सावलीत बसा’ हे वाक्य ऐकायला मिळते.

पत्र कन्नडमध्ये लिहावे. आमचे एक मराठी पत्र एका कार्यालयात तीन आठवडे टेबलावर पडून होते. तेच पत्र शेजारच्या कन्नड शाळेतल्या बाईंकडून लिहून घेतले, तेव्हा चौथ्या दिवशी उत्तर आले. भाषेचा अभिमान दौऱ्याच्या आधी किंवा नंतर बाळगावा. अर्ज मात्र वाचणाऱ्याच्या भाषेत असावा.

बेळगावच्या किल्ल्याला लागून छावणी आहे आणि किल्ल्याच्या आतला काही भाग लष्कराच्या ताब्यात आहे. प्रत्येकाकडे छायाचित्र असलेले ओळखपत्र असावे, आणि लष्करी फाटक, पहारेकरी किंवा कार्यालय यांच्या दिशेने कॅमेरा वळवू नये, हे गाडीतून उतरण्यापूर्वी स्पष्ट सांगावे. मराठा लाइट इन्फंट्रीचे संग्रहालय दाखवायचे असल्यास ते लष्करी आवारात असल्याने लेखी परवानगीचे काम सर्वांत आधी सुरू करावे, आणि ती न मिळाल्यास त्यावाचून कार्यक्रम पूर्ण होईल अशी आखणी ठेवावी.

टप्पा 5: गाडी, गट, जेवण

गाडीच्या बाबतीत एकच चूक वारंवार होते. सीमाभागात राहणाऱ्या आपल्याला सीमा जाणवत नाही, परंतु गाडीच्या परमिटला ती जाणवते. निपाणीची गाडी कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयाकडे किंवा खिद्रापूरला, अथवा चंदगडची गाडी हलशीला नेणार असाल, तर दुसऱ्या राज्यात चालणारे परमिट आहे का, हे गाडीवाल्याच्या तोंडी आश्वासनावर न सोडता कागद पाहून ठरवावे. नाक्यावर दंड भरण्यात पैशापेक्षा वेळ अधिक जातो.

गट सहा-सहा जणांचे असावेत आणि ते आयोजकाने करावेत. प्रत्येक गटात कन्नड वाचता येणारी एक व्यक्ती, चित्र काढण्याचा सराव असलेली एक व्यक्ती आणि पूर्वी अशा दौऱ्याला कधीही न आलेली एक व्यक्ती असावी. एकाच शाळेतले शिक्षक एका गटात ठेवले तर मुख्याध्यापक बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात.

दुसऱ्या दिवशीचे जेवण कित्तूर भागातल्या खानावळीत होणार असेल, तर संख्या आदल्या दिवशीच कळवावी. तिथल्या ज्वारीच्या भाकऱ्या हाताने थापल्या जातात. तव्यापाशी दोन बाया असताना 30 जण एकदम येऊन बसले, की शेवटच्या पंगतीला भाकरी मिळेपर्यंत संग्रहालयाच्या वेळेतला एक तास गेलेला असतो.

टप्पा 6: निघण्यापूर्वीचे दोन वर्ग

प्रत्येकी दीड तासाचे दोन वर्ग घ्यावेत. पहिल्या वर्गात शब्द पक्के करावेत, आणि ते दोन्ही भाषांत करावेत, कारण स्थळावरची पाटी, पहारेकरी आणि पुजारी हे कन्नड शब्द वापरतात: बस्तीला बसदि, वीरगळाला, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकदगडाला, वीरगल्लु, शिलालेखाला शिलाशासन, किल्ल्याला कोटे, देवळाला गुडी, तळ्याला केरे, विहिरीला बावी. याच वर्गात शकाचे रूपांतर शिकवावे. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथीला 79 मिळवावे लागतात. जुन्या लेखांत शक कधी चालू वर्षाचा तर कधी सरलेल्या वर्षाचा मोजलेला असतो, त्यामुळे एकाच वास्तूच्या दोन पाट्यांवर एका वर्षाचा फरक दिसू शकतो. हा फरक पाहून पाटी लिहिणाऱ्याला मूर्ख ठरवण्याची घाई करू नये.

दुसऱ्या वर्गात वही आखून घ्यावी. प्रत्येक पानावर तीन रकाने असावेत: पाहिले, वाचले, ऐकले. दगडात डोळ्यांनी दिसते ते पहिल्यात, पाटीवर किंवा पुस्तकात आहे ते दुसऱ्यात, आणि पुजारी, वाटाड्या, सहप्रवासी यांनी सांगितलेले तिसऱ्यात. या रकान्यांचा आपल्या भागात एक विशेष उपयोग होतो. ‘हे राजे मूळचे आपले की त्यांचे’ हा वाद कोणत्याही देवळात दहाव्या मिनिटाला सुरू होतो आणि अर्धा तास खातो. नियम असा करावा की वाद संध्याकाळच्या बैठकीतच घालायचा, आणि त्यात पहिल्या दोन रकान्यांतलाच पुरावा चालेल. एवढ्याने निम्मे वाद सुरूच होत नाहीत.

इशारा: या वर्गांत स्थळांचे फोटो दाखवू नयेत. आधी पाहिलेले लोक स्थळावर जाऊन फोटोतलेच शोधतात.

टप्पा 7: पहिला दिवस, कमल बस्ती

साहित्य: वही, पेन्सिल, खोडरबर, लहान टॉर्च, आणि जत्रेत मिळतो तसा तळहाताएवढा आरसा. आरसा कशाला, असे सगळे विचारतात. मंडपाच्या छतातील दगडी कमळ पाहण्यासाठी मान वर केली की दोन मिनिटांत दुखते आणि निरीक्षण थांबते. आरसा कमरेजवळ आडवा धरून त्यात पाहिले, तर दहा मिनिटे शांतपणे पाकळ्यांच्या एकामागून एक रांगा मोजता येतात आणि हवे तिथे थांबता येते.

क्रम असा ठेवावा. पहिली 20 मिनिटे कोणीही काहीही सांगणार नाही. प्रत्येकजण आरशात छत पाहील आणि दिसेल ते पहिल्या रकान्यात लिहील. पुढची 20 मिनिटे खांबांसाठी: टॉर्च समोरून न मारता खांबाला जवळजवळ चिकटवून आडवी धरावी, म्हणजे चरकावर कातल्यासारख्या गोल वळ्या सावलीने उठून दिसतात. त्यानंतरच जाणकाराने बोलावे आणि 15 मिनिटांत संपवावे.

जाणकाराने सांगण्याजोगे मोजकेच आहे: बस्ती नेमिनाथांची, रट्ट घराण्यातील राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळातली, त्याचा अधिकारी बीचिराज याने बांधवलेली, सन 1204 ची. इथे ‘मग तो शिलालेख कुठे आहे?’ हा प्रश्न येतो आणि काही मंडळी किल्लाभर दगड शोधत फिरतात. 1204 चे बेळगावचे दोन कन्नड शिलालेख लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यामुळे 1204 हे वर्ष ‘वाचले’ या रकान्यात जाते, ‘पाहिले’ यात जात नाही, आणि रकान्यांचा अर्थ बहुतेकांना या ठिकाणी खरा कळतो.

बस्तीत जाताना चप्पल-बूट तर काढावेतच, चामड्याचा पट्टा आणि पाकीटही बाहेर ठेवावे. दुपारी किल्ल्यात आणखी भटकण्याऐवजी एखाद्या सभागृहात बसून नोंदी एकमेकांना वाचून दाखवाव्यात.

तपासणी: कोणत्याही दोन गटांच्या पहिल्या रकान्यात तंतोतंत एकच मजकूर असेल, तर तो एकाने दुसऱ्याचा उतरवलेला आहे.

टप्पा 8: दुसरा दिवस सकाळी, हलशी

हा दौऱ्याचा मुख्य भाग आहे. त्याला किमान अडीच तास द्यावेत आणि खानापूर नंदगडमार्गे साडेआठपर्यंत पोहोचावे. नंदगडला संगोळ्ळी रायण्णांच्या समाधीपाशी थांबायचे असेल तर ते परतीच्या यादीत टाकावे, सकाळचा उजेड तिथे खर्चू नये.

काम एकच: देवळाचा आराखडा काढणे. फूटपट्टी किंवा टेप सुरुवातीला देऊ नये. प्रत्येकाने आधी 10 मीटरच्या आखलेल्या अंतरावर आपली पावले मोजून एका पावलाची लांबी काढावी, आणि मग पावलांनीच देऊळ मोजावे. चौकटीच्या वहीत एक चौकट म्हणजे एक पाऊल धरले की आराखडा सहज उतरतो. आधी बाहेरची भिंत, मग प्रवेश, मग खांबांच्या रांगा, सर्वांत शेवटी गर्भगृह: हा क्रम मोडू नये. लोक गर्भगृहापासून सुरुवात करतात आणि कागद अपुरा पडतो.

आराखडे पूर्ण झाल्यावर ते जमिनीवर मांडून फक्त एक प्रश्न विचारावा: गर्भगृहे किती? एका वर्षी पाच गटांपैकी तिघांनी एकच काढले होते. या देवळात दोन गर्भगृहे समोरासमोर आहेत, एकात भूवराह आणि दुसऱ्यात नरसिंह, आणि मधल्या मंडपात उभा राहिलेला माणूस त्यांपैकी एकाला नमस्कार करताना दुसऱ्याकडे पाठ करून उभा असतो. त्या तिन्ही गटांनी आपल्या पाठीमागची बाजू कोरी सोडून तिला ‘मुखमंडप’, म्हणजे प्रवेशाचा मंडप, असे नाव देऊन टाकले होते. त्यांना चूक सांगू नये. परत आत पाठवावे. दहा मिनिटांनी बाहेर येणाऱ्या माणसाचा चेहरा पाहण्यासारखा असतो, आणि तो पुढे कोणत्याही देवळात गेला तरी आधी मागे वळून पाहतो.

गोव्याच्या कदंब राजांचे, बाराव्या शतकातले देऊळ, एवढा काळ सांगून पुरते. त्याहून कितीतरी जुन्या कदंबांच्या लेखांत या गावाचे नाव पलाशिका असे येते, हे जिज्ञासूंसाठी जोडावे.

इशारे, तेही उतरण्यापूर्वी:

कोरलेली अक्षरे स्पष्ट दिसावीत म्हणून खडू, पीठ, तेल किंवा पाणी लावू नये. आडवा प्रकाश पुरतो. संरक्षित स्मारकाचे नुकसान केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

आवारात पडलेले खापर किंवा शिल्पाचा तुकडा ‘शाळेत दाखवायला’ म्हणून पिशवीत टाकू नये. वस्तू जिथे पडली ती जागा हीच तिची अर्धी माहिती असते.

पूजा सुरू असताना मोजमाप थांबवावे. पुजाऱ्यांना आपण काय करतो आहोत हे आधी सांगितले, तर ते स्वतः दिवा धरतात.

परतीच्या वाटेवर एखाद्या गावात मारुतीच्या देवळाजवळ वीरगळ मांडलेले दिसले, तर 15 मिनिटे थांबावे. वीरगळ खालून वर वाचायचा असतो: तळाला लढाई, मधल्या पट्टीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, वरच्या पट्टीत शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. वरून खाली वाचणारे लोक पूजेपासून सुरुवात करून मरणापाशी येतात आणि गोष्ट उलटी सांगतात. दगडाला ऑइल पेंट फासलेला असला तर तो खरवडू नये. गावाचा तो पूजेचा दगड आहे.

टप्पा 9: दुसरा दिवस दुपारी, कित्तूर

संग्रहालयात 30 जणांनी एकत्र फिरू नये. प्रत्येक गटाला एकच वस्तू द्यावी; पाहणी-फेरीतच त्या निवडून ठेवाव्यात. नोंदपत्राच्या वरच्या अर्ध्या भागात वस्तू, साहित्य, अंदाजे माप, तुटलेला किंवा झिजलेला भाग, आणि ती कशी वापरली जात असावी हे लिहावे. पाटी वाचण्याची परवानगी त्यानंतर. इथे कन्नड न येणारे गट अनेकदा अधिक चांगले काम करतात, कारण पाटीचा आधार नसल्याने त्यांना वस्तूकडेच पाहावे लागते.

मग किल्ल्यातल्या वाड्याच्या अवशेषांत जावे. राणी चन्नम्मा आणि इंग्रज यांच्यातील 23 ऑक्टोबर 1824 च्या लढाईची हकिकत सगळ्यांना पाठ असते, त्यामुळे ती सांगत बसू नये. त्याऐवजी पाणी शोधायला लावावे: ते वाड्यात कुठून आले, कोणत्या टाक्यात साठले, नहाणीघरापर्यंत कसे पोहोचले आणि बाहेर कुठून गेले. आराखडा काढून आलेल्या लोकांना पडक्या भिंतींतूनही हा मार्ग सापडतो, आणि न सापडल्यास तुटक रेघेने काढावा. अंदाजाची रेघ तुटक असते, हे इथे पक्के करून घ्यावे.

चारच्या पुढे नवे काम देऊ नये. गाडीत बसण्यापूर्वी नोंदपत्रे गोळा करावीत. ‘घरी जाऊन नीट लिहून देतो’ म्हणणाऱ्याचे पत्र माझ्याकडे अजून आलेले नाही.

टप्पा 10: पंधरा दिवसांच्या आत

प्रत्येकाने आपल्या गावातले किंवा शेजारच्या गावातले एक स्थळ निवडून सहा ते दहा जणांना 40 मिनिटे दाखवावे, आणि आयोजकाने त्यांपैकी शक्य तितक्या ठिकाणी मागे उभे राहून फक्त एक गोष्ट मोजावी: बोलायला सुरुवात करण्यापूर्वी त्याने लोकांना किती मिनिटे गप्प राहून पाहू दिले. पाच मिनिटांपेक्षा कमी असतील, तर त्या प्रशिक्षणार्थ्याला पुढच्या दौऱ्यात पुन्हा घ्यावे आणि कमल बस्तीत आरसा देऊन बसवावे.